कैरोतलं बाळंतपण

रतनबाईंना विमानाची भीती अशी वाटली नाही. त्यांना धास्ती होती ती सोबतीला येणाऱ्या विहीणबाईंची.

कोल्हारला प्रवरेच्या काठी रतनबाईंचं घर. मालक आप्पासाहेब, बारमाही पाण्याची जमीन, उसाचे मळे, दारात दुभती जनावरं. एकुलता एक मुलगा राधाकृष्ण साखर कारखान्यातला इंजिनिअर झाला, इथे काही हंगाम काढले आणि मग इजिप्तमधल्या एका कारखान्यानं बोलावलं म्हणून कैरो शहरी जाऊन राहिला. त्याची बायको मुक्ता शेवगावकडची. तिचं माहेर खाऊनपिऊन सुखी होतं, पण तो सगळा पट्टा कोरडा. दिवाळी झाली की तिकडची माणसं बैलगाड्या जुंपून ऊस तोडायला प्रवरेच्या काठी यायची. त्यामुळे शेवगाव म्हटलं की रतनबाईंच्या डोळ्यांसमोर आधी आटलेली विहीर यायची आणि मग माणसं.

लग्न शेवगावला झालं तेव्हा मांडवात प्यायचं पाणी कमी पडलं. रतनबाई चारचौघींत बोलून गेल्या, "आधी सांगितलं असतं तर आमी कोल्हारहून पानी भरून आनलं असतं."

मुक्ताची आई चांगुणाबाई वाढता वाढता थांबल्या. "आमच्याकडं पानी कमी हाय, ईनबाई. पन आलेल्या पाहुन्याचा पानउतारा करायची रीत न्हाई," असं म्हणाल्या आणि पुढच्या पानाकडे वळल्या.

तेव्हापासून दोघी कामापुरतं बोलायच्या, तेही तोंडदेखलं.

मुक्ताला दिवस गेले आणि डॉक्टरनं तिला विमानप्रवास नको म्हणून सांगितलं. पहिलं बाळंतपण माहेरचं, म्हणून चांगुणाबाई निघाल्या. मुलगा परमुलखात एकटा आणि सून अवघडलेली, म्हणून रतनबाई निघाल्या. उसाचं गळीत ऐन भरात असल्यामुळे आप्पासाहेबांना हलता येत नव्हतं. मग राधाकृष्णनंच निरोप धाडला की दोघी मिळून या, म्हणजे एकमेकींना सोबत होईल. हा निरोप वाचून दाखवताना आप्पासाहेबांना हसू आवरेना.

बांगलादेशची लढाई संपून दोन महिनेही झाले नव्हते. रतनबाईंच्या दिरानं, सहादेवानं, दोघींना मुंबईच्या विमानतळावर सोडलं. विमानात चांगुणाबाईंनी डिंकाच्या लाडवांचा डबा मांडीवर घेतला तो कैरो येईपर्यंत खाली ठेवला नाही. रतनबाईंनी खिडकीतून ढग बघितले, ढगांना उद्देशून हात जोडले आणि डोळे मिटून घेतले. साऱ्या वाटेत दोघींचं बोलणं झालं ते एवढंच : "थंडी वाजती का?" "न्हाई."

विमानतळावर राधाकृष्ण आला होता. त्यानं दोघींना वाकून नमस्कार केला, सामान टॅक्सीवर बांधलं आणि गाडी शहराकडे निघाली. सुरुवातीला रस्ता रुंद होता, दोन्ही अंगाला पिवळट वाळू. रतनबाईंना वाटलं, एवढंच असेल तर काही कठीण नाही. मग एकदम शहर सुरू झालं.

तसं शहर त्यांनी बघितलं नव्हतं आणि कुणी सांगितलं असतं तर खरं मानलं नसतं. रस्त्यात मोटारी, मोटारींमध्ये गाढवांच्या गाड्या, गाढवांमध्ये माणसं, आणि या सगळ्यातून घंटा बडवत जाणारी ट्राम. ट्रामच्या दारांना, खिडक्यांना, मागच्या दांड्याला माणसं मोहोळासारखी लोंबकळत होती. एक बस इतकी भरली होती की एका बाजूला कलंडून चालली होती आणि तरीही एकजण धावत येऊन खिडकीतून आत शिरला. आतल्यांनी त्याला हसत हसत ओढून घेतला. एक सायकलवाला डोक्यावर भली मोठी फळी आणि फळीवर भाकऱ्यांच्या चळती घेऊन एका हातानं हँडल धरून या गर्दीतून नागमोडी निघून गेला, आणि एकही भाकरी खाली पडली नाही. प्रत्येक गाडीवाला हॉर्न वाजवत होता. पुढं कुणी असो नसो, वाजवत होता.

"राधू, आज हितं जत्रा हाय का?" रतनबाईंनी विचारलं.

"नाही गं आई. आज मंगळवार आहे."

कोल्हारच्या भगवतीच्या जत्रेत रतनबाई गर्दीला कंटाळून दुपारीच घरी परतायच्या. इथे तर रोजच जत्रा होती. त्यांनी पदर तोंडावर घेतला आणि सीटच्या कोपऱ्यात अंग चोरून बसल्या.

चांगुणाबाई मात्र टॅक्सीच्या खिडकीतून अर्ध्या बाहेर होत्या. "अगं बया, ही गाढवं बघा! आपल्या मढीच्या बाजारात बी इतकी न्हाईत. आन् कशी तुकतुकीत ठेवल्यात, गळ्यात निळे मनी!" मढीला कानिफनाथाच्या यात्रेत गाढवांचा मोठा बाजार भरतो, चांगुणाबाई दरसाल तिथे जायच्या.

रतनबाईंना दिसलं ते वेगळंच. इमारतींच्या दारांपुढे विटांच्या आडव्या भिंती बांधलेल्या, खिडक्यांच्या काचांना निळा रंग फासलेला. तसाच निळा कागद दोनच महिन्यांपूर्वी नगरमध्ये, लष्कराच्या छावणीजवळ राहणाऱ्या त्यांच्या बहिणीनं खिडक्यांना चिकटवला होता.

"यांची बी लढाई चालू हाय का रे?"

"आत्ता थांबल्यासारखी आहे," राधाकृष्ण म्हणाला. "पण मिटलेली नाही. कधी पेटेल सांगता येत नाही."

रतनबाईंनी पुन्हा बाहेर पाहिलं. निळ्या काचांच्या खाली फुटपाथवर माणसं खुर्च्या टाकून काचेच्या पेल्यांतून चहा पीत होती. कुणीतरी मोठ्यानं विनोद सांगितला असावा, सगळी हसली. आपल्या डोक्यावर लढाई असताना आपण असं हसलो असतो का, असा विचार त्यांच्या मनात आला.

राधाकृष्णचं घर शुब्रा नावाच्या दाट वस्तीत चौथ्या मजल्यावर होतं. मुक्ता दारात उभी होती, अंगानं भरलेली, चेहऱ्यावर तेज. आईला बघून तिला रडू आलं आणि सासूला बघून तिनं ते गिळलं, हे रतनबाईंच्या नजरेतून सुटलं नाही. त्या सरळ स्वयंपाकघरात गेल्या आणि चहाचं भांडं शोधू लागल्या.

पुढचे दिवस रतनबाईंनी ते शहर गच्चीवजा सज्जातूनच बघितलं. खाली उतरायचं त्यांना धाडस होईना. पण सज्जातूनही खूप दिसायचं. सकाळी भाजीवाला गाढवाची गाडी घेऊन यायचा आणि आरोळी द्यायचा. मग वरच्या मजल्यांवरच्या बायका दोरीला बांधलेल्या टोपल्या खाली सोडायच्या. भाजीवाला टोपलीत भाजी टाकायचा, बाई वर ओढायची, पसंत नसली तर तशीच खाली पाठवायची. सगळं भांडण सज्जातून सज्जात चालायचं आणि मध्येच कुणीतरी त्याच दोरीवरून शेजारणीला वाटीभर काहीतरी पोचवायची.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी रतनबाईंनीही टोपली सोडली. वांगी किडकी निघाली म्हणून त्यांनी ती परत पाठवली आणि वरून मराठीत चार शब्द ऐकवले. भाजीवाल्यानं खालून छातीवर हात ठेवून मान लववली आणि टोपलीत चांगली वांगी घातली. वर कोथिंबिरीची जुडी ठेवली. रतनबाई दिवसभर खुशीत होत्या.

चांगुणाबाई मात्र दुसऱ्या दिवसापासून खाली जाऊ लागल्या. नऊवारीचा काष्टा घट्ट करायचा, हातात पिशवी घ्यायची आणि चालू लागायचं. येताना रोज काहीतरी नवं सांगायच्या.

"ईनबाई, हे लोक आपलंच बोलत्यात की! दुकानाला दुकानच म्हनत्यात. साबनाला साबून. साखर मागितली तर सुक्कर म्हनून दिली. पेटीला संदूक. मी 'हिंद' म्हनून छातीवर हात ठिवला तर दुकानदारानं बसायला खुर्ची दिली, चा पाजला. चा कसला, निस्ता पाक! आन् उसाच्या रसाचं दुकान हाय कोपऱ्यावर. मोठमोठे पेले भरून देत्यात."

उसाच्या रसाचं नाव काढल्यावर रतनबाईंना राहवेना. त्या पहिल्यांदा जिने उतरल्या. कोपऱ्यापर्यंत गेल्या, पण वाटेत विहीणबाईंचा दंड त्यांनी असा घट्ट धरला की चांगुणाबाईंना रक्त थांबल्यासारखं वाटलं. रस्ता ओलांडायचा तर मोटारी थांबायला तयार नाहीत. चांगुणाबाईंनी एका म्हाताऱ्या माणसाकडे पाहिलं. त्यानं हसून हात वर केला, दोघींना आपल्या मागे घेतलं आणि मोटारींच्या लोंढ्यात सरळ पाऊल टाकलं. गाड्या त्याच्या दोन्ही अंगांनी, अगदी लुगड्याला घासतील अशा, निघून गेल्या. पलीकडे पोचल्यावर म्हातारा आपल्या वाटेनं गेला. त्याला या बाजूला काही काम नव्हतं. तो पुन्हा रस्ता ओलांडून परत जाताना रतनबाईंनी बघितला.

रस चांगला होता. "आपल्या उसाइतका गोड न्हाई," रतनबाई म्हणाल्या, आणि दुसरा पेला मागितला.

बाळंतपणाला अजून दोन आठवडे अवकाश आहे असं डॉक्टर म्हणाला होता. राधाकृष्णचा कारखाना शहराबाहेर, नदीच्या वरच्या अंगाला. तो सकाळी जायचा तो दिवेलागणीला यायचा. एके दिवशी तो गेल्यावर घटकाभरातच मुक्ता न्हाणीघराच्या दारात उभी राहिली आणि भिंतीला धरून म्हणाली, "आई, मला बरं वाटत नाही."

"आई" ही हाक कुणाला होती हे बघायला दोघींना वेळ मिळाला नाही. दोघीही धावल्या. चांगुणाबाईंनी पोटावरून हात फिरवला आणि त्यांचा चेहरा बदलला.

"कळा हायेत. आन् चांगल्या जोराच्या. चला."

शेजारणीनं कारखान्यावर फोन करायचं कबूल केलं. खाली उतरल्या तर चांगुणाबाईंच्या ओळखीच्या दुकानदारानं आपणहून टॅक्सी थांबवली. मुक्ताला अरबीचे दहा-वीस शब्द येत होते. तिनं नदीकाठच्या दवाखान्याचं नाव सांगितलं. टॅक्सीवाला जाडजूड, मोठ्या मिशांचा. त्यानं आरशातून मुक्ताकडे एकदा पाहिलं आणि गाडी अशी सोडली की रतनबाई सीटवर मागे आदळल्या.

अताबाच्या चौकापर्यंत सगळं ठीक झालं. तो चौक म्हणजे शहराच्या सगळ्या गर्दीची गाठ. तिथून कपड्यांच्या, भांड्यांच्या, अत्तरांच्या पेठा फुटतात आणि ट्रामचे रूळ चारी दिशांनी येऊन मिळतात. त्या दिवशी रुळांवर संत्र्यांची एक हातगाडी उलटली होती. संत्री रस्ताभर पसरलेली, ट्राम उभी, ट्रामच्या मागे ट्राम, मधे बस, बसला खेटून मोटारी, मोटारींच्या फटीत गाढवं, आणि सगळे मिळून हॉर्न वाजवत होते. टॅक्सीला पुढं जाता येईना, मागं येता येईना.

मुक्ता ओठ चावत होती. मग तिनं ओठ चावणं सोडलं आणि ओरडली.

रतनबाईंनी तिचा हात धरला. राधाकृष्णच्या आधी त्यांना एक मुलगी झाली होती आणि जन्मतःच गेली होती. त्यानंतर गावात कुणाचंही बाळंतपण असलं तरी त्या बाळंतिणीच्या खोलीत गेल्या नव्हत्या. भावकीत लोक म्हणायचे, मोठ्या घरची बाई, तिला कशाला हे. खरं कारण त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. आता परक्या मुलखात, भर चौकात, हजारो परक्या माणसांच्या मध्ये, एका मोटारीत त्या आपल्या सुनेचा हात धरून बसल्या होत्या आणि तो हात त्यांना सोडवून घ्यावासा वाटत होता.

चांगुणाबाई दार उघडून बाहेर पडल्या. पदर डोक्यावरून घसरला होता, त्याची त्यांना शुद्ध नव्हती. त्यांनी दोन्ही हात वर केले आणि शेवगावच्या बाजारात चारी वेशींपर्यंत ऐकू जावं अशा आवाजात ओरडल्या, "अहो, लेकीला कळा लागल्यात! वाट द्या! माझ्या लेकीला वाट द्या!"

त्या चौकात मराठी कळणारं एकही माणूस नव्हतं. पण शेजारच्या बसमधून माणसं वाकून बघू लागली. टॅक्सीवाल्यानं उतरून एकच शब्द मोठ्यानं उच्चारला. तो शब्द बसमध्ये गेला, ट्रामच्या दारांना लोंबकळणाऱ्यांनी तो उचलला आणि पुढे दिला. कपड्यांच्या दुकानांपर्यंत तो पोचला तसा काळी चादर पांघरलेली एक ठेंगणी, लठ्ठ म्हातारी माणसांना कोपरांनी बाजूला सारत आली. तिनं टॅक्सीत डोकं घातलं, मुक्ताच्या पोटावर हात ठेवला, चांगुणाबाईंच्या डोळ्यांत पाहिलं. दोघींनी एकाच वेळी मान हलवली. दवाखान्यापर्यंत वेळ उरलेला नव्हता.

म्हातारीनं दुकानाकडे बोट दाखवून हाका मारल्या. तिचा मुलगा हसन, मापाची पट्टी गळ्यात घातलेला, दुकानातून धावत आला. चार बायकांनी मुक्ताला हातांवर उचललं. आणि मग रतनबाईंनी ते बघितलं जे त्या पुढे आयुष्यभर सांगत राहिल्या. ज्या गर्दीतून टाचणी जाणार नाही असं वाटत होतं, ती गर्दी फाटली. बायका मुक्ताला घेऊन चालल्या होत्या आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना पुरुष हातात हात गुंफून, तोंडं बाहेरच्या अंगाला वळवून उभे राहत होते. हमाल होते, कोटवाले बाबू होते, एक शिपाई होता. टॅक्सीपासून दुकानापर्यंत पाठींची भिंत झाली. कुणी मान वळवून बघितलं नाही.

दुकानात हसननं गिऱ्हाइकांना बाहेर काढलं, फळ्यांवरचे पांढऱ्या कापडाचे तागे ओढून जमिनीवर उलगडले, दारात निळ्या कापडाचा पडदा सोडला आणि स्वतः बाहेर पाठ करून उभा राहिला. कुणीतरी गरम पाणी आणलं. कुणीतरी डॉक्टर आणायला पळालं.

रतनबाई दाराशीच थबकल्या होत्या. चांगुणाबाईंनी मागे वळून पाहिलं.

"ईनबाई, हिकडं या. तिचं डोकं मांडीवर घ्या."

"मला न्हाई जमायचं."

"का?"

आणि रतनबाईंच्या तोंडून ते निघून गेलं. "माझी पयली गेली हुती. जन्मताच. मला बघवत न्हाई."

चांगुणाबाईंनी मुक्ताच्या कपाळावरचा घाम पुसला. मग म्हणाल्या, "मग तुमी बघू नका. डोळे मिटा. निस्तं तिला धरा. ती तुमालाच हाक मारत हुती मगाशी."

हे खरं होतं की नाही देव जाणे. पण रतनबाई गेल्या, खाली बसल्या आणि मुक्ताचं डोकं मांडीवर घेतलं. त्यांनी डोळेही मिटले नाहीत.

बाहेर हॉर्नचा कल्लोळ चालूच होता. मुक्ता त्या आवाजानं बावरून जात होती, चांगुणाबाईंचं बोलणं तिला ऐकू येत नव्हतं. म्हातारीनं पडद्यातून डोकं बाहेर काढलं आणि कुणाला तरी खडसावलं. पडद्याच्या फटीतून रतनबाईंना काळ्या गणवेशातला एक पोलीस दिसला. तो ओठांवर बोट ठेवून एकेका मोटारीपाशी जात होता. एक हॉर्न थांबला, मग दुसरा. बसचं इंजिन बंद झालं. ट्रामच्या चालकानं घंटेच्या दोरीवरचा हात काढला. असं करता करता तो अख्खा चौक गप्प झाला. इतका गप्प की बाजूच्या चहाच्या दुकानातल्या किटलीचं झाकण खडखडतंय ते ऐकू आलं.

रतनबाईंना वाटलं, आपण बहिऱ्या झालो की काय. मग त्यांना चांगुणाबाईंचा आवाज आला, हळू, एका सुरात, म्हशीला पाणवठ्यावर नेताना बोलावं तसा. "हां मुक्ते. असंच. घाई करू नकोस. असंच." म्हातारी तिच्या भाषेत तेच म्हणत होती. दोघी एकमेकींच्या खांद्याला खांदा लावून बसल्या होत्या. एकीनं हात पुढं केला की दुसरी कापड द्यायची. एवढ्यात एक तरुण डॉक्टरीणबाई पडदा सारून आत आली, धावत आल्यानं तिला धाप लागली होती. ती गुडघ्यांवर बसली, एक नजर टाकून हसली आणि बॅग उघडून त्या दोघींच्या रांगेत सामील झाली.

बाळ रडलं तेव्हा रतनबाई त्याच्याआधी रडत होत्या.

"मुलगी," चांगुणाबाई म्हणाल्या. त्यांनी बाळ पुसलं, डॉक्टरणीनं नाळ कापली, आणि कापडात गुंडाळलेलं ते लालबुंद गाठोडं चांगुणाबाईंनी सरळ रतनबाईंच्या हातांवर ठेवलं. "घ्या. जिती-जागती, दनदनीत हाय. बघा आता."

म्हातारीनं जिभेचा एक लांब, थरथरता, आनंदाचा आवाज काढला. बाहेर तो कळायचाच अवकाश, सगळ्या मोटारी, बसगाड्या आणि ट्रामगाड्या एकदम वाजू लागल्या. या वेळी त्या आवाजाचं रतनबाईंना काही वाटलं नाही. पडद्याखालून एक हात आत आला आणि संत्री ठेवून गेला. मग दुसरा हात, आणखी संत्री. ज्याची गाडी उलटली होती तोच धाडत होता म्हणे. हसनचे ताग्यांवर तागे खराब झाले होते. त्याला कुणी त्याबद्दल काही बोलू लागलं तर तो कानांवर हात ठेवायचा.

रस्ता मोकळा झाल्यावर डॉक्टरणीनं मायलेकींना दवाखान्यात हलवलं. राधाकृष्ण तिथे पोचला तेव्हा मुक्ता आणि बाळ गाढ झोपली होती आणि दोन्ही आया बाकावर शेजारी शेजारी बसून एक संत्रं वाटून खात होत्या. त्यानं विचारलं, "मामी, काय झालं? आई, तू ठीक आहेस ना?" दोघी एकदम सांगू लागल्या, म्हणून त्याला काहीच कळलं नाही.

सातव्या दिवशी ती म्हातारी शुब्राच्या घरी चार जिने चढून आली. सगळे तिला उम्म हसन म्हणायचे, म्हणजे हसनची आई. आपल्याकडे 'राधूची आई' म्हणावं तसंच हे, म्हणून रतनबाईंना ते नाव पहिल्यांदा ऐकूनच आवडलं. तिनं हातात एक मोठी चाळण आणली होती आणि बरोबर पितळी खलबत्ता. बाळाला चाळणीत निजवून तिनं हळूहळू हलवलं, भोवती धान्य आणि मीठ टाकलं आणि बाळाच्या कानाशी खलबत्ता खणखणवला.

"अगं बाई, आपल्याकडं पाचवी पुजत्यात, हितं सातवी!" चांगुणाबाईंनी कपाळाला हात लावला. त्यांनी लगेच हळदकुंकू काढलं. उम्म हसननं कपाळ पुढं केलं आणि आरशात बघून खूप हसली.

"बाळाचं नाव काय ठेवणार?" तिनं मुक्ताला विचारलं.

"नीला."

"नील?" म्हातारीनं खिडकीबाहेर, नदी वाहते त्या दिशेला हात केला. तिकडे त्या नदीला नीलच म्हणतात, म्हणून तिला वाटलं, त्यांच्या नदीचंच नाव ठेवलं. तिनं मुक्ताच्या डोक्यावरून दोनदा हात फिरवला. मुक्तानं तिचा समज दूर केला नाही. आणि खरं म्हणजे तो चुकीचाही नव्हता.

त्यानंतर रतनबाई रोज खाली जाऊ लागल्या. पेठांमधून हिंडल्या, पुलावर उभं राहून नदी बघितली. हसनच्या दुकानात बसून गोड चहा प्यायला शिकल्या. बाळाला घेऊन अताबाच्या चौकातून जाताना कुणी ओळखत नसलं तरी बाळ बघून थांबायचं, डोळ्यांवर हात ठेवून दुवा द्यायचं.

उन्हाळा तोंडावर आला तेव्हा दोघी परतल्या. सहादेव मुंबईला घ्यायला आला होता. तो रतनबाईंना कोल्हारला नेणार होता. पण त्या म्हणाल्या, "आधी शेवगावला जाऊ. लगीन झाल्यापासून मी त्यांच्या घरला गेली न्हाई."

आदल्या पावसाळ्यात पाऊस हुलकावणी देऊन गेला होता. शेवगावच्या रानात जनावरांना तोंड घालायला काडी उरली नव्हती. चांगुणाबाईंच्या ओसरीवर आळीतल्या बायका जमल्या. शेजारची दगडाबाई अगदी पुढं बसली होती.

"रतनबाई, त्या शेरात म्हनं मुंग्यांवानी मानसं. तुमाला भ्या न्हाई वाटलं?"

"लई वाटलं," रतनबाई म्हणाल्या. "पयल्या दिवशी मी तोंडावर पदर घेतला हुता."

"मग?"

"मग काय, सांगायलाच बसले हाय." आणि त्यांनी संत्र्यांच्या गाडीपासून सुरुवात केली. मध्येच चांगुणाबाई दुरुस्त करायच्या, की शिपाई एक नव्हता, दोन होते. रतनबाई म्हणायच्या, तुमी आत हुता, तुमाला काय दिसलं. बायका हसायच्या.

संध्याकाळी जायची वेळ झाली तशी रतनबाई गोठ्याकडे गेल्या. दोन म्हशी, एक बैलजोडी, बरगड्या दिसायला लागलेल्या. त्या म्हणाल्या, "ईनबाई, ही जनावरं कोल्हारला धाडा. आमच्याकडं उसाचं वाडं हाय, मका हाय. आन् जनावरांच्या मागं तुमी बी या. हितं बसून काय करायचंय?"

चांगुणाबाईंनी म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला. त्यांना लगेच हो म्हणवेना, हे रतनबाईंना कळत होतं, म्हणून त्या वाट बघत उभ्या राहिल्या.

"यीन," अखेर चांगुणाबाई म्हणाल्या. "पन धार मी काढनार. तुमच्या गड्यांच्या हाताला माझी म्हस दूध देत न्हाई."

"काढा की. मला तरी कुठं येती," रतनबाई म्हणाल्या आणि सहादेवाला गाडी काढायला सांगायला वळल्या.

पुढच्याच आठवड्यात जनावरं ट्रकमधून कोल्हारला आली. त्यांच्याबरोबर, रिकाम्या पोत्यावर बसून, चांगुणाबाई आल्या. ते वर्ष आणि पुढचं सबंध वर्ष त्या कोल्हारलाच राहिल्या, आणि रोज सकाळी दोघी विहिणी एकाच चुलीपाशी बसून पाकासारखा गोड चहा घ्यायच्या. आप्पासाहेबांनी एकदाच तो चाखून बघितला आणि पुन्हा मागितला नाही.